‘फणी’ शब्दाचा अर्थ आणि रोहण्याची एक मोडी यादी

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यांत रोहणा म्हणून गांव आहे. प्रस्तुत लेखकानें आयुष्याचीं बहुतेक वर्षें याच बाजूस मुलांना संस्कृत शिकविण्यांत घालविलीं, आणि सेवानिवृत्तीनंतरही त्याचें वास्तव्य येथेंच आहे. येथील एका जुन्या शेतकरी घराण्याच्या दप्तरांत वांटणीची एक मोडी यादी आहे. तिचा माथा फाटलेला असल्यामुळें शक ठरवितां येत नाहीं, आणि त्या घराण्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजनही नाहीं. त्या यादींतील एक शब्द वाचण्यांत मजकडून सुमारें तीस वर्षांपूर्वीं चूक झाली. ती कशी झाली व तो शब्द वस्तुतः कोणत्या कुळांतला, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे. शब्द अगदीं घरगुती आहे: ‘फणी’.

यादी एका हातची, जलद मोडींत लिहिलेली आहे. प्रथम देवघरांतील वस्तु, मग माजघरांतील सामान, शेवटीं शेतीचीं अवजारें असा तिचा क्रम आहे. मात्र दोन प्रकारांमध्यें ओळ सोडलेली नाहीं कीं सदर घातलेलें नाहीं. चांदीच्या उपकरण्यांच्या ओळी संपल्या, कीं लगेच करंडा, त्यामागून आरसा, आणि त्यामागून जीं अक्षरें आलीं तीं मीं ‘फणी नाग २’ अशीं वाचलीं. मोडींत र्‍हस्व-दीर्घ भेद नाहीं, तेव्हां ‘फणी’ म्हणजे संस्कृत ‘फणिन्’, फणा असलेला. पुढें नाग शब्द आहेच. देवघरांत महादेवाची पिंड होती. तेव्हां पिंडीवर धरावयाचे फणाधारी नाग दोन, आणि चांदीच्या वस्तूंमागोमाग नोंदले आहेत त्या अर्थीं चांदीचे, असा अर्थ मीं तेथल्या तेथें सांगून टाकला. संस्कृताचा अभिमान त्या वयांत अंमळ जास्तच होता.

देवघरांत नाग नव्हते. देवघर ज्या धाकट्या पातीकडे होतें, तिनें त्याच सुमारास मुलीचें लग्न केलेलें होतें. देवाचे दोन नाग कोठें गेले असावेत, याचें उत्तर थोरल्या पातीनें मनाशीं ठरवून टाकलें. उघड भांडण झालें नाहीं, परंतु दोन्ही घरांतील जाणेंयेणें बंद झालें. संशय मुख्यतः धाकट्या घरच्या सुनेवर राहिला. मला हें पुढें कित्येक वर्षांनीं कळलें.

आतां शब्दाकडे वळूं. अमरकोशांत फणा हा शब्द पाताळभोगिवर्गांत, सर्पाच्या प्रकरणांत येतो. तो पुल्लिंगीं व स्त्रीलिंगीं दोन्ही चालतो असें अमर सांगतो. केंस विंचरण्याच्या साधनास मात्र त्यानें मनुष्यवर्गांत ‘प्रसाधनी’ आणि ‘कंकतिका’ हीं दोनच नांवें दिलीं आहेत. अमर पाठ असलेल्या मनुष्यास, मग तो पाठ कितीही चांगला असो, ‘फणी’ हें अक्षर दिसतांच साप आठवतो, केंस आठवत नाहींत. माझें तसेंच झालें. आमच्या घरीं रोज सकाळीं ‘वेणीफणी झाली का?’ असें विचारलें जात होतें आणि तरीही झालें, हें विशेष.

परंतु संस्कृत कोशाच्या बाहेर पाऊल टाकलें कीं चित्र बदलतें. पालि विनयपिटकाच्या चुल्लवग्गांत भिक्षूंच्या केसांसंबंधीं नियम आहेत. केंस दोन महिन्यांचे किंवा दोन अंगुळांचे यांहून अधिक वाढवूं नयेत असें सांगून, ‘छब्बग्गिय’ भिक्षु गृहस्थांप्रमाणें केंस कशाकशानें चापून बसवीत तें तेथें नमूद केलें आहे. त्यांत ‘कोच्छ’, ‘फणक’ आणि ‘हत्थफणक’ असे तीन शब्द आहेत. अट्ठकथेंत कोच्छ म्हणजे वाळा वगैरे बांधून सारखा कापलेला कुंचा, फणक म्हणजे हस्तिदंताची किंवा दुसर्‍या कशाची फणी, आणि हत्थफणक म्हणजे हाताच्या बोटांनींच फणीचें काम करणें, असा उलगडा आहे. शेतावरून आलेला मनुष्य ओले केंस बोटांनीं मागें सारतो तोच हा हत्थफणक. लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीच्या कोशांत (१९२१-२५) फणक म्हणजे नागाच्या फण्याच्या आकाराचें साधन अशी फोड केली आहे. म्हणजे सापाची ओढ माझ्याहून फार मोठ्या पंडितांसही आवरली नाहीं. मूळ ठिकाणीं सापाचा प्रसंगच नाहीं. हाताचीं पांच बोटें पसरून केसांतून फिरविणें यांत दांतांची रांग हाच आकार मुख्य आहे.

अर्धमागधींतही हा शब्द आहे. सूत्रकृतांगाच्या पहिल्या श्रुतस्कंधांतील चौथें अध्ययन स्त्रीसंगाविषयीं आहे. व्रतभ्रष्ट झालेल्या साधूस ती स्त्री एकामागून एक जिन्नस आणावयास सांगते, त्या लांबलचक मागण्यांत चिमट्याच्या शेजारीं ‘फणिह’ आहे. याकोबीनें १८९५ च्या आपल्या भाषांतरांत त्याचा अर्थ फणी असाच केला आहे, व प्रसंग पाहतां दुसरा संभवत नाहीं. तेव्हां आमच्या मराठी ‘फणी’चें माहेर प्राकृतांत आहे. अमरसिंहानें तिची दखल घेतली नाहीं म्हणून ती कालची ठरत नाहीं.

मग नागाचा फणा आणि केसांची फणी यांचा संबंध काय? धातुपाठांत ‘फण’ धातु गत्यर्थक दिला आहे. फणी केसांतून जाते म्हणून फणी, असें एका विद्यार्थ्यानें मला एकदां उत्तर दिलें होतें. परंतु गति सर्वत्रच असते, तेणेंकरून कांहीं उलगडत नाहीं. उत्तर मला पुस्तकांत न सांपडतां शेतांत सांपडलें. आमच्याकडे पेरणीच्या अवजारास तिफण म्हणतात. पश्चिमेकडे त्यासच पाभर हें नांव आहे, आणि तेथेंही दोनफणी, तीनफणी, चारफणी असे भेद करतात. आडव्या दिंडांत खालच्या बाजूस बसविलेले जे लांकडी दांडे भुईंत शिरून तास पाडतात, त्यांतील प्रत्येकाचें नांव ‘फण’. वर चाडें, चाड्यापासून प्रत्येक फणापर्यंत पोंचलेली एकेक नळी, आणि चाड्यावर मूठ धरून बीं सोडणारा मनुष्य. तीन फण म्हणून तिफण. येथें ‘फण’ हा एका दांताचा वाचक आहे, सबंध रांगेचा नव्हे. सर्पाचेंही गणित हेंच: पंचफणी नाग, पार्श्वनाथाच्या मस्तकावरील सात फणांचा नाग. एका अंगांतून निघून पुढें झेपावलेला जो अवयव तो फण; आणि असे फण जिला आहेत ती फणी, ज्याला आहे तो फणी. व्याकरण एकच, लिंग मात्र निराळें. पुल्लिंगीं साप झाला, स्त्रीलिंगीं केसांचें साधन झालें. मराठीनें पुढें सोय म्हणून तिन्ही अर्थांस तीन रूपें वांटून दिलीं: नागाचा तो फणा, अवजाराचा तो फण, केसांची ती फणी. निदान मला तरी ही उपपत्ति पटते. इकडील बोलींत ‘तिफन’ व ‘फनी’ असे उच्चार होतात, पण वांटणी तीच राहते.

फणीचा आकार मराठीनें आणखीही दोन ठिकाणीं ओळखला आहे. कोष्ट्याच्या मागावर ताण्याचे धागे ज्या दांतेरी चौकटींतून जातात व जिच्या ठोक्यानें बाण्याचा धागा घट्ट बसतो, ती फणीच. पूर्वी ती वेळूच्या कामट्यांची करीत, आतां पोलादी पट्ट्यांची असते. कापड दाट कीं विरळ हें फणीच्या नंबरावरून ठरतें. दुसरें ठिकाण केळीच्या घडाचें. घडांतून ओळीनें लागलेल्या केळ्यांचा जो एकेक झुबका निघतो त्यासही आपण फणीच म्हणतों, कारण एका बुडाशीं जोडलेलीं केळीं दांतांसारखीं शेजारीं शेजारीं असतात.

केंस, माग व शेत यांची ही त्रयी आपल्याकडेच आहे असें नाहीं. लॅटिनमधील ‘पेक्टेन’ शब्दाचा अर्थ फणी, आणि तोच शब्द विणकराच्या फणीस, शेतकर्‍याच्या दांताळ्यास व रेषारेषांच्या एका शिंपल्यासही लावीत. ग्रीक ‘क्टेइस’ शब्दाची गोष्ट तशीच. यांपैकीं कोणी कोणापासून उसना घेतला असें म्हणण्याचें कारण नाहीं. वस्तु समोर असली व आकार डोळ्यांत भरला, म्हणजे भाषा आपापल्या परीनें एकाच ठिकाणीं येऊन पोंचतात.

संस्कृतांतील ‘कंकत’ शब्दाचेंही थोडें पाहिलें पाहिजे. आपला कंगवा हा त्याचाच वंशज. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलाच्या अखेरच्या सूक्तांत, जें विषनाशनाचें आहे, हा शब्द एका विषारी जीवास लावलेला दिसतो. अथर्ववेदाच्या विवाहसूक्तांत वधूच्या केसांसाठीं शंभर दांतांच्या फणीचा उल्लेख आहे. तेथें प्रचलित पाठांत ‘कंटक’ असा शब्द असून त्याचा अर्थ फणी असा घेतात. म्हणजे फणीच्या दोन्ही जुन्या शब्दांशेजारीं विषारी प्राणी येऊन बसला आहे, एकीकडे नाग, दुसरीकडे कंकत नांवाचा जीव. हा योगायोग कीं आणखी कांहीं, याचा विचार अधिकारी लोकांनीं करावा. आज घराघरांत कंगवा हाच शब्द राहिला असून फणी म्हटली म्हणजे उवा काढण्याची दुतर्फा बारीक दांतांची तेवढी उरली आहे. परंतु जुन्या यादीची गोष्ट वेगळी. तेथें फणी म्हणजे शिसवी, शिंगाची, चंदनी, हस्तिदंती कसलीही, आणि ती करंड्याच्या व आरशाच्या शेजारींच असावयाची. ‘करंडाफणी’ हा जोडशब्द त्यामुळेंच झाला आणि सौभाग्यवाणांत तो अजून टिकला आहे. फणेरपेटींतही हींच मंडळी एकत्र नांदत.

संग्राहकांनीं कांहीं सारख्या दिसणार्‍या शब्दांपासून मात्र सावध राहावें. खंडाळ्याची नागफणी ही फण्यावरून, फणीवरून नव्हे. नागफणी या नांवाच्या निवडुंगाचेंही तसेंच. शिवाय तें झाड मूळचें अमेरिकेंतलें, तेव्हां त्या अर्थानें हा शब्द पोर्तुगीज या किनार्‍यावर येण्यापूर्वींच्या लेखांत सांपडावयाचा नाहीं. फणस हा ‘पनस’ शब्दाचा अपभ्रंश. त्याच्या कांट्यांमुळें कोणी त्यास फणीशीं जोडूं नये. किल्ल्याच्या तटावरील कंगोरे पाहून कंगवा आठवतो खरा, पण कंगोरा हा शब्द फारसी आहे. इंग्रज लोक मधमाशांच्या घरास फणीचेंच नांव देतात. आपण त्यास पोळें म्हणतों, व तें मला अधिक बरोबर वाटतें, कारण पोळ्यास दांत नसतात.

हस्तलिखितांच्या व नाण्यांच्या सूचींत अलीकडे ‘कंकताकार’ असें विशेषण वापरण्याची आवड दिसते. शब्द शुद्ध आहे, त्याविषयीं तक्रार नाहीं. पण ब्राह्मी लिपींतील ‘घ’ मुलांना शिकवितांना ‘तीन दांत वर केलेली फणी’ असें म्हटलें कीं तें अक्षर त्यांच्या कायमचें लक्षांत राहतें. ‘कंकताकार’ म्हटल्यावर कंकत म्हणजे काय हें आधीं सांगावें लागतें. सिंधु संस्कृतीच्या मुद्रांवरही फणीसारखें एक चिन्ह वारंवार येतें, त्याचें वर्णन करतांनाही हीच भाषा पुरेशी आहे.

गेल्या पावसाळ्यांत थोरल्या पातीचा नातू, जो आतां नोकरीनिमित्त बाहेरगांवीं असतो, त्यानें त्या यादीचीं छायाचित्रें मोबाईलवर काढून मजकडे आणलीं. शेतीच्या अवजारांविषयीं त्यास कांहीं लिहावयाचें होतें. त्यांच्याकडे आतां सोयाबीन ट्रॅक्टरच्या यंत्रानें पेरतात, कपाशीचें बीं हातानें टोबतात, आणि जुनी तिफण गोठ्याच्या आढ्यास टांगलेली आहे. तिच्या अंगांचीं नांवें त्यास ठाऊक नव्हतीं. म्हणून मीं यादी शेवटाकडून वाचावयास घेतली. अखेरच्या ओळींत ‘तिफण १’ आणि तिच्या पुढें ‘फण जास्ती २’ अशी नोंद होती. फण मोडला तर बदलावयास दोन अधिक फण ठेवलेले. त्यापुढें लेखकानें पुन्हा एकदां ‘नग’ शब्द घातला होता. हीं दोन अक्षरें मला ओळखीचीं वाटलीं. मोडींत शब्द सुटे लिहीत नाहींत, आणि घाईच्या हातांत एका अक्षरावरून पुढच्यावर जाणारी रेघ काना म्हणून वाचली जाणें ही नवशिक्याची नेहमींचीच चूक. मीं वरची ओळ पुन्हा काढली. तेथें ‘नाग’ नव्हता. ‘फणी नग २’ असें होतें.

त्यानंतर बाकीच्या गोष्टी आपोआप दिसूं लागल्या, व त्या आधीं कां दिसल्या नाहींत याची लाज वाटली. यादींतील चांदीच्या प्रत्येक वस्तूपुढें तोळे-मासे दिले आहेत. फणीपुढें वजन नाहीं, नुसता नग आहे, जसा तो आरशापुढें आहे आणि फणांपुढेंही आहे. करंड्यालाही वजन नाहीं, म्हणजे तो देवाचा चांदीचा करंडा नसून घरांतल्या बायकांचा कुंकवाचा करंडा. देवघर आरशाच्या आधींच संपलें होतें. मीं माजघरांत उभा राहून देवाच्या वस्तु शोधीत होतों. शिवाय हाच लेखक अवजारास ‘फण’ लिहितो व येथें ‘फणी’ लिहितो. त्यास नागाचा फणा लिहावयाचा असता तर त्यानें तो शब्दही निराळाच लिहिला असता. सारांश, त्या घरांतून कधींही कांहीं नाहींसें झालें नव्हतें. दोन लांकडी फण्या होत्या, त्या कोणीतरी वापरून झिजविल्या असतील आणि मोडल्यावर चुलींत घातल्या असतील.

दुसर्‍या दिवशीं मी यादी घेऊन प्रथम थोरल्या घरीं गेलों व ओळ वाचून दाखविली. तेथील कर्त्या पुरुषानें ती मजकडून तीनदां वाचून घेतली. नंतर तो स्वतः मजबरोबर धाकट्या घरीं आला. उंबर्‍याच्या आंत तो किती वर्षांनीं येत होता हें मीं विचारलें नाहीं. सून आतां म्हातारी झाली आहे. मीं माझी चूक सांगितली, तोळे-मासे दाखविले, नग शब्दाचें अक्षर बोटानें दाखविलें. तिला मोडी येत नाहीं. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाली, “मास्तर, एक शबद वाचाले तुमाले तीस वर्सं लागले.” मग आंत जाऊन तिनें दोघांसाठीं चहा ठेवला.

यादीची देवनागरी नक्कल करून एकेक प्रत मीं दोन्ही घरीं दिली आहे, आणि फणीच्या ओळीखालीं आपल्या जुन्या वाचनाची चूक स्वाक्षरीनिशीं नोंदवून ठेविली आहे. मूळ कागद थोरल्या घरच्या दप्तरांत आहे. तो फार कुरतडला गेला असून मधल्या घडीवर तुटूं लागला आहे. तो एखाद्या संग्रहालयाकडे द्यावा असें मीं सुचविलें, पण तूर्त दोन्ही पाती तो घराबाहेर देण्यास राजी नाहींत.